खाणकंपनीचा शेअर पाहताना खेळत्या भांडवलावर किती भर द्यावा?

प्रश्न : सरकीवाला, चोपडा

नमस्कार. चोपडा तालुक्यात आमचे जिनिंगचे छोटे युनिट आहे. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की शेतकऱ्याला रोख मोजायची, गाठी आणि सरकी मात्र उधारीवर विकायची आणि मधला सगळा काळ बँकेच्या कॅश क्रेडिटवर (माल व उधारीच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जावर) रेटायचा, हाच धंदा असल्यामुळे खेळते भांडवल म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की नफ्याच्या आधी माझी नजर चालू मालमत्ता (साधारण वर्षभरात रोख होणारी) आणि चालू देणी (वर्षभरात फेडायची) यांकडे जाते.

सध्या मी एका मध्यम आकाराच्या सूचीबद्ध खाणकंपनीचा अभ्यास करत आहे. तिच्या खाणी उघड्या पद्धतीच्या आहेत आणि माल मुख्यतः पोलाद व फेरोअलॉय (पोलादात मिसळायच्या लोहमिश्रधातूंच्या) कारखान्यांना जातो. मला शिफारस नको, पद्धत हवी आहे, म्हणून नाव मुद्दाम देत नाही आणि आकडेही सोयीसाठी गोल केले आहेत. चालू मालमत्ता १,००० कोटी आहे. त्यात रोख व बँकशिल्लक १५०, ग्राहकांकडून येणी ३३०, मालसाठा २६०, सरकारकडे अडकलेले कर व जमा रकमा १६० आणि पुरवठादारांना दिलेल्या आगाऊ रकमा १०० कोटी आहेत. चालू देणी ४०० कोटी आहेत. त्यांत पुरवठादार व कंत्राटदार १४०, अल्प मुदतीचे कर्ज ६०, ग्राहकांनी दिलेल्या आगाऊ रकमा ९०, रॉयल्टी (काढलेल्या खनिजापोटी सरकारला द्यायची रक्कम) व इतर वैधानिक देणी ५० आणि किरकोळ ६० कोटी येतात. म्हणजे खेळते भांडवल (चालू मालमत्ता वजा चालू देणी) ६०० कोटी आणि चालू गुणोत्तर (मालमत्ता भागिले देणी) अडीच झाले. आदल्या वर्षी हेच भांडवल ४२० कोटी होते. विक्री १,१८० कोटींवरून १,२०० कोटींवर गेली आहे आणि आजच्या भावाने संपूर्ण कंपनीचे बाजारमूल्य १,५०० कोटी आहे.

माझा साधा हिशोब असा की दीड हजार कोटींच्या कंपनीत सहाशे कोटी तर खेळतेच आहेत, म्हणजे भावाचा चाळीस टक्के भाग हातातच आहे आणि खाणी उरलेल्या नऊशे कोटींत मिळत आहेत. हा विचार योग्य आहे का, आणि वर्षभरात १८० कोटींनी वाढलेले भांडवल हे सुदृढतेचे लक्षण मानावे का? शिवाय जळगावचा एक मित्र ऑस्ट्रेलियात सूचीबद्ध असलेल्या, अजून फक्त भूगर्भ धुंडाळणाऱ्या एका कंपनीचे शेअर घ्यावेत असे म्हणतो. तिथेही हीच मोजपट्टी लावता येईल का?

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, भुसावळ

सरकीवाला भाऊ, आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. कर्जविभागात नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे मी हा विषय बँकेच्या खिडकीतून पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो.

चालू गुणोत्तर चांगले म्हणजे कंपनी चांगली, ही समजूत आपल्याकडे बँकांमुळे रुजली आहे. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली टंडन समिती नेमली आणि पुढच्या वर्षी आलेल्या अहवालातील कर्ज देण्याच्या दुसऱ्या पद्धतीनुसार चालू मालमत्तेचा किमान एक चतुर्थांश भाग कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करावा असे ठरले. म्हणजे शंभर रुपयांच्या चालू मालमत्तेमागे चालू देणी पंच्याहत्तरच्या वर जायची नाहीत, तर शंभर भागिले पंच्याहत्तर म्हणजे १.३३. हा आकडा तिथून आला. पुढे १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पद्धतीची सक्ती काढून टाकली, तरी शाखाशाखांत १.३३ अजून मुक्कामाला आहे. परंतु हा आकडा कर्ज देणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी होता. भागधारकाला मोबदला किती मिळेल, हे सांगणे त्याचे काम नव्हते.

आता आपण स्वतः दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देता. त्यावरून बँक आपली ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, कशी काढते, ते आठवून पाहा. मालसाठ्यावर ती साधारण पंचवीस टक्के मार्जिन कापते, नव्वद दिवसांपेक्षा जुनी उधारी बहुधा धरतच नाही, आणि ज्या मालाचे पैसे आपण अजून दिलेले नाहीत तो माल आपला मानत नाही. आपल्या गाठींवर बँक जी कात्री चालवते, तीच कात्री आपण या कंपनीच्या ताळेबंदावर का चालवू नये?

आपल्या आकड्यांवर मी ती चालवून पाहतो, पण त्यासाठी अहवालातील टिपा उघडाव्या लागतील. रोख व बँकशिल्लक १५० कोटी दिसते, तीपैकी किती रक्कम बँक हमीपोटी तारण पडलेली आहे, हे टिपेत लिहिलेले असते. येण्यांपैकी एक वर्षाहून जुनी किती आणि मालसाठ्यात खनिज किती व सुटे भाग किती, हेही तिथेच मिळेल. एवढे तीन आकडे कळवावेत.

सरकीवाला, चोपडा

अप्पा, आपल्या सांगण्याप्रमाणे टिपा काढल्या. बँकशिल्लकीपैकी ६० कोटी हमीपोटी तारण आहेत. येण्यांपैकी १२० कोटी एक वर्षाहून जुनी आहेत आणि त्यांचा मोठा भाग एकाच सरकारी उपक्रमाकडून येणे आहे. मालसाठ्यात खनिज १९० कोटींचे, तर सुटे भाग, टायर, डिझेल वगैरे भांडारसाहित्य ७० कोटींचे आहे.

निवृत्त बँक अधिकारी, भुसावळ

तर मग मोकळी रोकड ९० कोटी. वसूल होण्याजोगी येणी ३३० मधून १२० वजा जाता २१० कोटी (येण्यांवरही बँक मार्जिन घेते, ते तूर्त सोडून देतो). खनिजाचा साठा पंचवीस टक्के कापून सुमारे १४० कोटी. डंपरचे टायर आणि सुटे भाग खाण चालू असेल तोवर उपयोगाचे, खाण थांबली की त्यांना भंगाराचा भाव, म्हणून ते धरत नाही. करापोटी अडकलेले १६० कोटी आणि पुरवठादारांना दिलेले १०० कोटी हेही रोख म्हणून परत येणारे नाहीत. बेरीज ४४० कोटी होते, आणि समोर ४०० कोटींची देणी उभी आहेत. आपले सहाशे कोटी चाळीसवर आले.

वाढलेल्या १८० कोटींचेही ऐका. विक्री जेमतेम वीस कोटींनी वाढली असताना खेळते भांडवल १८० कोटींनी वाढले असेल, तर वाढलेल्या धंद्यासाठी पैसा लागला, असे म्हणायला जागा उरत नाही. पैसा कुठेतरी अडकला आहे. आदल्या वर्षीची येणी किती होती, तेवढे पाहावे. २२० कोटींच्या आसपास असतील, तर उधारी सुमारे ६८ दिवसांवरून १०० दिवसांवर गेली, असा त्याचा अर्थ होतो. रोकड प्रवाह पत्रकात चालू व्यवहारांच्या भागात ‘खेळत्या भांडवलातील बदल’ या ओळीवर ही रक्कम उणे चिन्हाने दिसेल. नफा छापला गेला, पण पैसा घरी आला नाही, हे तिथे उघड होते.

उत्तर : सातपुड्याचा, सध्या मुक्काम चंद्रपूर

मी मूळचा यावलचा, बरीच वर्षे विदर्भातील उघड्या खाणींत सर्वेक्षणाच्या कामात आहे. अप्पांनी खनिजसाठ्यावर पंचवीस टक्के कात्री लावली ती ठीक, पण खाणीतला साठा हा मोजायलाच अवघड असतो, ही गोष्ट गोदामातल्या गाठी मोजणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

तुमच्याकडे गाठीवर क्रमांक असतो, वजन असते. इकडे वर्षअखेरीस आम्ही ढिगाभोवती टोटल स्टेशन (अंतर व कोन मोजणारे यंत्र) घेऊन फिरतो किंवा ड्रोन उडवतो, ढिगाचे घनफळ काढतो आणि त्याला घनतेने गुणून टन ठरवतो. ही घनता मालाचा कणाकार, ओल आणि दबलेपणा यांवर बदलते. ढिगाचा तळ कधी सपाट नसतो. पावसाळ्यात खालचा थर मातीत रुतलेला असतो आणि लोडर तो उचलतो तेव्हा निम्मी माती येते. म्हणूनच कोल इंडियाच्या लेखाधोरणात असे होते की पुस्तकी साठा आणि मोजलेला साठा यांतील फरक अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर पुस्तकी आकडाच धरायचा आणि त्यापलीकडे गेला तर मोजलेला धरायचा. मोजमापाची मर्यादा मान्य करणारा हा नियम रास्त आहे, परंतु भागधारकाने हे लक्षात ठेवावे की ताळेबंदावरचा साठा हा एक अंदाज आहे. कोळशाच्या बाबतीत तर ढीग फार दिवस पडून राहिला की तो आतून तापतो, धुमसतो आणि त्याची प्रत उतरते.

दुसरी गोष्ट प्रतीची. खाणीतून निघालेला सगळा माल विकण्याजोगा नसतो. भुगा आणि कमी प्रतीचे खनिज वर्षानुवर्षे बाजूला रचून ठेवलेले असते. काही कंपन्या त्याचे मूल्य शून्य किंवा नाममात्र धरतात, काही त्याला किंमत लावतात. हिशोबाचा नियम खर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी जे कमी ते धरा असाच आहे, पण त्या मालाला गिऱ्हाईकच नसेल तर विक्रीमूल्य काय धरायचे, यात व्यवस्थापनाचा शब्द चालतो. विक्री न वाढता साठा दरवर्षी वाढत असेल तर त्या वाढीत भुगा किती, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्यासारखा आहे.

धोरणाचा झटका काय करतो, त्याचे ताजे उदाहरण २०२२ चे आहे. त्या वर्षी मे महिन्यात केंद्राने लोहखनिजाच्या निर्यातीवर पन्नास टक्के शुल्क लावले आणि नोव्हेंबरमध्ये ते बऱ्याच अंशी मागे घेतले. मधल्या सहा महिन्यांत निर्यातीच्या भरवशावर रचलेले कमी प्रतीच्या लोहभुग्याचे ढीग जागच्या जागी बसून राहिले. ताळेबंदात ती चालू मालमत्ताच होती.

माती काढण्याच्या खर्चाकडेही पाहायला हवे. उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोहोचण्याआधी वरचा दगड आणि माती हलवावी लागते आणि हे काम बहुधा कंत्राटदाराकडे असते. पुढच्या काळातल्या खनिजासाठी आज हलवलेल्या मातीचा खर्च भारतीय लेखामानकानुसार, अटी पूर्ण होत असतील तर, दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत नेता येतो. म्हणजे पैसा आज गेला, पण खेळत्या भांडवलात त्याचा माग राहत नाही. याच्या उलट, कंपनीकडे रोकड कमी पडली की पहिली झळ माती काढणाऱ्या कंत्राटदाराला बसते. त्याची बिले तटतात, तो हळूहळू डंपर दुसऱ्या खाणीवर नेतो, खनिज उघडे पडण्याचा वेग मंदावतो आणि दोन-तीन तिमाहींनी उत्पादन घसरते. त्यामुळे पुरवठादारांची देणी वाढलेली दिसली आणि त्याच वर्षी माती हलवण्याचे घनमीटर घटलेले दिसले, तर मला त्याची येण्यांपेक्षा जास्त धास्ती वाटते. अनेक खाणकंपन्या माती हलवण्याचे आकडे संचालकांच्या अहवालात देतात.

भुसावळकर अप्पांनी दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या रेक (मालगाड्या) असंख्य वेळा पाहिल्या असतील. रेक भरली की खाणीचे बिल तयार होते, पण कोळशाची प्रत त्रयस्थ संस्थेच्या नमुन्यावरून नंतर ठरते आणि ती खाली आली तर तितक्या रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून वजावट, द्यावी लागते. धातुखनिजातही ग्राहकाच्या कारखान्यातील चाचणी आणि खाणीवरची चाचणी यांत तफावत आली की असेच होते. म्हणून ताज्या येण्यांतलाही थोडा भाग घटू शकतो, असे धरून चालावे.

उत्तर : ताळेबंद, धुळे

मी सनदी लेखापाल आहे. अप्पांची कात्री मला मान्य आहे, पण ती एकाच बाजूने चालली आहे, म्हणून थोडी दुरुस्ती सुचवतो.

पहिली दुरुस्ती बँक ठेवींची. ताळेबंदाच्या तारखेपासून बारा महिन्यांपेक्षा अधिक काळाने मुदत संपणारी ठेव कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टानुसार चालू मालमत्तेत दाखवता येत नाही. ती दीर्घ मुदतीच्या वित्तीय मालमत्तेत जाते. समजा व्यवस्थापनाने पाव-अर्धा टक्का जास्त व्याजासाठी एक वर्षाची ठेव मोडून पंधरा महिन्यांची केली, तर खेळते भांडवल एका दिवसात घटते आणि कंपनीच्या संपत्तीत मात्र काडीचाही फरक पडत नाही. खाणकाम करणाऱ्या सरकारी कंपन्यांकडे ठेवी मोठ्या असतात, त्यामुळे तिथे हा फरक बराच मोठा दिसू शकतो. सरकीवाला भाऊंनी दीर्घ मुदतीच्या बाजूला अशी ठेव आहे का, ते पाहावे. मात्र खाण बंद करण्यासाठी एस्क्रो खात्यात ठेवलेली रक्कम त्यात मिसळू नये, कारण ती भागधारकांची नाही. खड्डा भरण्यासाठी आणि झाडे लावण्यासाठी ती राखीव आहे.

दुसरी दुरुस्ती करांची. १६० कोटींना सरसकट शून्य धरणे अतिसावधपणाचे होईल. त्यात जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) असेल तर ते पुढच्या विक्रीवरच्या कराशी वळते होते. लोह व मँगनीजसारख्या खनिजांवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२१ पासून पाचवरून अठरा टक्के झाला असल्यामुळे या कंपन्यांचे क्रेडिट आता फारसे साचत नाही. कोळशाचे तसे नव्हते. तिथे विक्रीवर पाच टक्के आणि यंत्रे, सुटे भाग व सेवांवर बहुतांशी अठरा टक्के, अशी उलटी रचना २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत होती आणि क्रेडिटचे डोंगर साचले. त्या दिवसापासून कोळशाचा दर अठरा टक्के झाला आणि टनामागे चारशे रुपयांचा भरपाई उपकर गेला, त्यामुळे साचलेले क्रेडिट हळूहळू वापरले जाईल. याउलट वादातील मागणीपोटी ‘हरकत नोंदवून’ भरलेली रक्कम निकाल लागेपर्यंत अडकलेली असते, तिला शून्य धरणेच बरे.

तिसरी गोष्ट ग्राहकांच्या आगाऊ रकमांची. हे ९० कोटी रोखीने परत करायचे नसून खनिज देऊन फेडायचे आहेत, म्हणून काही विश्लेषक ते देण्यांतून काढून टाकतात. परंतु अप्पांनी ढिगाचे १४० कोटी आधीच मालमत्तेत धरले आहेत आणि या ग्राहकांना माल त्याच ढिगातून जाणार आहे. एकाच ढिगाचा लाभ दोनदा घेणे बरोबर नाही, म्हणून मी ते ९० कोटी देण्यांतच राहू देईन.

आता अहवालातील दोन पाने अवश्य वाचावीत. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून येण्यांचे वयोमान देणे बंधनकारक झाले आहे : सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी, शिवाय वादातील आणि वादाबाहेरील असे वेगळे. त्याच वर्षापासून चालू गुणोत्तरासह ठरावीक गुणोत्तरे कंपनीलाच छापावी लागतात आणि एखादे गुणोत्तर आदल्या वर्षाच्या तुलनेत पंचवीस टक्क्यांहून अधिक बदलले तर त्याचे कारण लिहावे लागते. हे कारण अनेकदा एका ओळीत उरकलेले असते, पण ती एक ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘येण्यांतील वाढीमुळे’ एवढेच लिहिले असेल तर ते कारण झाले नाही, ती बेरीज झाली.

दुसरे पान संभाव्य देण्यांचे, म्हणजे अजून नक्की झालेली नसली तरी अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यांचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिजहक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. १४ ऑगस्टला न्यायालयाने पुढे स्पष्ट केले की १ एप्रिल २००५ पासूनच्या व्यवहारांवर राज्ये मागणी करू शकतात, जुनी रक्कम १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्यांनी द्यायची आहे आणि निकालाच्या तारखेपूर्वीच्या काळावर व्याज किंवा दंड लागणार नाही. ज्या राज्याने असा कर लावणारा कायदा केला आहे तिथल्या खाणींना हे लागू पडते. ताळेबंदाच्या चालू देण्यांत यातले काही दिसत नसेल तरी टिपेत आकडा असू शकतो.

सरकीवाला, चोपडा

ताळेबंद साहेब, आपले म्हणणे तपासले. दीर्घ मुदतीच्या बाजूला खरोखरच २०० कोटींच्या बँक ठेवी आहेत, एस्क्रो सोडून. १६० कोटींपैकी ६० कोटी इनपुट क्रेडिट आहे, उरलेले १०० कोटी वादातील मागण्यांपोटी भरलेले आहेत. संभाव्य देण्यांत राज्याच्या खनिजकराची १८० कोटींची मागणी लिहिली आहे. अप्पांचा उधारीचा अंदाजही बरोबर निघाला, आदल्या वर्षी येणी २२० कोटीच होती.

ताळेबंद, धुळे

मग अप्पांच्या ४० कोटींत ६० आणि २०० मिळवले की ३०० कोटी होतात. आपण धरलेल्या चाळीस टक्क्यांच्या जागी बाजारमूल्याचा वीस टक्के भाग तुलनेने मोकळा आहे, असे म्हणता येईल. १८० कोटींची मागणी पूर्णपणे अंगावर आली तरी बारा हप्त्यांत वर्षाला १५ कोटी जातील. चालू देण्यांत एका वेळी एकच हप्ता येईल. चालू वर्षाच्या रोकडीला हे झेपेल, पण मूल्यांकनातून १८० कोटींचे आजचे मूल्य (पुढे द्यायच्या हप्त्यांची आजच्या पैशातली किंमत) वजा करायला विसरू नये.

एक उलट उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर आपण खेळते भांडवल कमी म्हणजे वाईट असा समज करून घ्याल. हिंदुस्तान झिंकने २०२२-२३ मध्ये प्रतिशेअर एकूण ७५ रुपये ५० पैसे लाभांश दिला, म्हणजे जवळजवळ ३१,९०० कोटी रुपये. साचलेली रोकड बाहेर गेली, कर्ज उभे राहिले आणि खेळत्या भांडवलाचे चित्र पार बदलले, पण राजस्थानातील खाणींतून जस्त, शिसे आणि चांदी निघतच राहिली. खनिज कमी खर्चात निघत असेल आणि पैसे वेळेवर येत असतील तर खाणकंपनी उणे खेळत्या भांडवलावरही चालते. लाभांश देण्याची निकड प्रवर्तकाची होती की अतिरिक्त रोकडीचे योग्य वाटप होते, यावर मतभेद असू शकतात. तो प्रश्न व्यवस्थापनाबद्दलचा आहे आणि ताळेबंदाचे गुणोत्तर त्याचे उत्तर देत नाही.

उत्तर : सराफकट्टा, जळगाव

चर्चा चांगली आहे, पण आपण सगळे शेपटाकडून हत्ती मोजत आहात. खेळते भांडवल एवढेच सांगते की मंदीत कंपनी तग धरेल का. शेअर स्वस्त आहे की महाग, हे खनिजाचा भाव, उत्पादनखर्च आणि खाणपट्टा (सरकारने ठरावीक मुदतीसाठी दिलेला खाणकामाचा हक्क) किती वर्षे उरला आहे यांवर ठरते. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खुल्या बाजारात खनिज विकणाऱ्या खासगी कंपन्यांचे अनेक जुने पट्टे ३१ मार्च २०२० रोजी संपले. ओडिशात त्यांच्या लिलावांत खनिजाच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक, काही ठिकाणी शंभराहून अधिक अधिमूल्याच्या (सरकारला द्यायच्या हिश्शाच्या) बोली लागल्या. असा पट्टा घेतलेल्या कंपनीचे चालू गुणोत्तर अडीच असले तरी टनामागे उरणार काय? भाऊंनी पट्ट्याची अंतिम तारीख आधी पाहावी, ताळेबंद नंतर.

निवृत्त बँक अधिकारी, भुसावळ

सराफकट्टा यांचा मुद्दा खरा आहे, क्रम मात्र मला उलटा वाटतो. भाव वर जाईपर्यंत कंपनी टिकली तरच पट्ट्याला किंमत. मंदीत खाण चालू ठेवायला डिझेल, स्फोटके आणि मजुरी रोख द्यावी लागते आणि त्या वेळी बँक हात आखडते, हे मी खिडकीच्या आतून पाहिले आहे.

उत्तर : अनेर काठ, शिरपूर

ऑस्ट्रेलियातील शोधकंपनीचा प्रश्न राहून गेला, म्हणून लिहितो. मी उदारीकृत प्रेषण योजनेतून (परदेशी पैसा पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना, तिची मर्यादा दर आर्थिक वर्षी माणशी अडीच लाख डॉलर आहे) तिकडच्या अशा काही कंपन्यांत लहान रकमा गुंतवतो.

सरकीवाला भाऊ, शोधकंपनीला विक्री नसते, येणी नसतात, मालसाठा नसतो. तिच्या चालू मालमत्तेत जवळजवळ फक्त रोकड असते, त्यामुळे वर अप्पांनी चालवलेली कात्री तिथे निरुपयोगी ठरते. तिथे खेळते भांडवल म्हणजे वेळ. तीस लाख डॉलर शिल्लक असतील आणि ड्रिलिंग, चाचण्या व कार्यालय मिळून तिमाहीला दहा लाख जात असतील, तर कंपनीकडे तीन तिमाही आहेत. सोय अशी की ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात अशा कंपन्यांना तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याभरात ‘परिशिष्ट ५बी’ नावाचे रोकड विवरण द्यावे लागते आणि हातातला पैसा किती तिमाही पुरेल हा आकडा त्यातच छापलेला असतो. तो दोनच्या खाली गेला की कंपनीला उत्तर द्यावे लागते की खर्चाचा वेग असाच राहणार का, पैसा उभा करण्यासाठी काय पावले उचलली आणि काम चालू ठेवता येईल असे तिला वाटते का.

पैसा उभा करणे म्हणजे बहुतेक वेळा नवे शेअर विकणे, तेही चालू भावापेक्षा कमी दराने. दहा कोटी शेअर असलेल्या कंपनीने आणखी पाच कोटी काढले तर तिच्यातला आपला तीन टक्के वाटा दोन टक्के होतो. खनिज सापडले तरी त्याचा तिसरा हिस्सा आधीच दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. म्हणून शोधकंपनीत मी गुणोत्तर पाहत नाही. ड्रिलिंगचे निकाल हाती येण्याची अपेक्षित तिमाही आणि पैसा संपण्याची तिमाही शेजारी शेजारी लिहितो. पैसा आधी संपत असेल तर नवे शेअर निघेपर्यंत थांबणे बहुधा स्वस्त पडते. कॅनडातील कंपन्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथे करसवलतीचे ‘फ्लो-थ्रू’ शेअर विकून आलेला पैसा कॅनडातील शोधकामावरच खर्च करावा लागतो. तो बँकेत दिसतो, पण त्यातून पगार किंवा भाडे देता येत नाही.

सरकीवाला, चोपडा

सर्वांचे मनापासून आभार. ऑस्ट्रेलियाचे प्रकरण तूर्त बाजूला ठेवतो. पट्ट्याची तारीख पाहिली, दोन्ही मोठ्या खाणींना अजून पंधरा वर्षांहून अधिक अवधी आहे. आता शंका एकच उरते. सरकारी उपक्रमाकडे अडकलेली जुनी येणी वसूल होत आहेत की नाहीत, हे पुढच्या मार्चपर्यंत न थांबता कळण्याचा काही मार्ग आहे का? जून तिमाहीच्या निकालात तर मला ताळेबंद सापडलाच नाही.

ताळेबंद, धुळे

जून आणि डिसेंबर तिमाहीत तो नसतोच. सेबीच्या नियमांनुसार मालमत्ता-देण्यांचे विवरण आणि रोकड प्रवाह सहामाहीला, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चअखेरीचे द्यावे लागते. सप्टेंबरचे निकाल पंचेचाळीस दिवसांत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत येतील.

ते आले की त्यांची तुलना मार्चशी करू नका, आदल्या सप्टेंबरशी करा. पावसाळ्यात उघड्या खाणींचे उत्पादन घटते आणि मार्चमध्ये रचलेले ढीग तोपर्यंत विकले गेलेले असतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये साठा कमी आणि रोकड जास्त दिसणे हे ऋतुमानाचे आहे. आपल्या जिनिंगचा ऑगस्टचा आणि जानेवारीचा स्टॉक शेजारी ठेवल्यासारखेच ते होईल. येण्यांना मात्र पावसाचे कारण चालत नाही. सहामाही विवरणात वयोमान नसते, तरी एकूण येणी ३३० वरून २३०-२४० पर्यंत उतरली आणि दुसऱ्या बाजूला ‘अपेक्षित पतहानी’ची (बुडण्याची शक्यता असलेल्या उधारीपोटी केलेली) तरतूद वाढलेली नसेल, तर जुना पैसा आला असे समजावे. येणी उतरली पण तरतूदही तेवढीच वाढली असेल, तर पैसा आलेला नाही, फक्त बुडीत धरला आहे. दोन्ही आकडे नोव्हेंबरमध्ये इथे टाकावेत, आपण पुन्हा मांडून पाहू.